पावतीवरचं 'ए'

पुणे जिल्ह्यातलं खंडोबाचं एक लहानसं देऊळ. भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या पायऱ्या, उन्हात तापलेली फरशी, आणि सभामंडपाच्या कोपऱ्यात लोखंडी टेबल टाकून बसलेले देवस्थानचे कारकून. धर्म, कायदा आणि धर्मनिरपेक्षता शिकायला विद्यापीठातून निघालेले कायद्याचे २२ विद्यार्थी, आणि दौऱ्याचा हा पहिलाच थांबा. त्यांतल्या एका मुलीने ५१ रुपये पुढे केले. कारकुनांनी पावतीपुस्तकात कार्बन सरकवला, बॉलपेन दाबून नाव लिहिलं, रक्कम आधी आकड्यात मग अक्षरी लिहिली, आणि छिद्रांच्या रेघेवर पट्टी धरून पावती फाडून दिली. वर देवाचं नाव, खाली बारीक अक्षरांत 'नोंदणी क्र. ए', पुढे काही आकडे आणि जिल्ह्याचं नाव. तिने त्या अक्षरावर बोट ठेवलं. "काका, हे 'ए' म्हणजे काय?" काका म्हणाले, "रजिस्टर नंबर आहे ताई, धर्मादायचा." "ते कळलं. पण 'ए'च का?" काकांनी चष्मा कपाळावर सारला आणि तिच्यामागे उभ्या असलेल्या प्राध्यापकांकडे पाहिलं. प्राध्यापकही पावतीकडेच पाहत होते.

ते अक्षर मनातून जाईना.

कारण ही सगळी मुलं राज्यघटना शिकून आलेली. धर्मस्वातंत्र्याचे २५ आणि २६ हे अनुच्छेद पाठ, घटनेच्या उद्देशिकेत 'धर्मनिरपेक्ष' शब्द आणणारी बेचाळिसावी घटनादुरुस्ती पाठ, कुठल्या खटल्यात 'धर्माचा अत्यावश्यक भाग' ही कसोटी (धर्माच्या गाभ्यातल्या प्रथांनाच संरक्षण) आली तेही पाठ. आणि राज्य आणि देव यांची रोजची गाठ जिथे पडते तो कागद मात्र कुणी वाचलेला नव्हता. उत्तर अवघड नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या नियमांत न्यासांच्या, म्हणजे ट्रस्टच्या, नोंदवह्या वेगवेगळ्या ठेवल्या आहेत. 'ए' हिंदू न्यासांची, 'बी' मुस्लिम, 'सी' पारशी, 'डी' इतरांची, 'ई' कुठल्याच एका समाजापुरत्या नसलेल्या न्यासांची आणि 'एफ' सोसायटी म्हणून नोंदलेल्या संस्थांची. म्हणजे घटना लागू झाली त्याच वर्षीच्या कायद्याखाली आपल्या राज्याने देवांची वर्गवारी करून कपाटं लावली. खंडोबा 'ए'च्या कपाटात गेला. धनगर, मराठा, ब्राह्मण, आणि काही ठिकाणी मुसलमानही ज्याच्यापुढे भंडारा उधळतात तो खंडोबा. दौऱ्याचा विषय पहिल्या अर्ध्या तासातच हातात आला होता, ५१ रुपयांत.

असे अभ्यासदौरे आता बरीच विद्यापीठं आखतात, आणि त्यांतले बरेचसे एकाच पद्धतीने फसतात. त्यांची देवदर्शनाची सहल होते. सकाळी सहाला बस, आठला रांग, अकराला दर्शन, बाराला महाप्रसाद, दोनला पुढचं गाव. संध्याकाळी लॉजच्या खोलीत 'सर्वधर्मसमभाव' या विषयावर चर्चा, आणि सगळ्यांचे डोळे मिटलेले. यावर उपाय एकच, प्रत्येक ठिकाणी अर्धा दिवस कचेरीला द्यायचा. आणि आत पाऊल टाकण्याआधी महाद्वाराबाहेर उभं राहून हाताने नकाशा काढायचा: चपला कुठे निघतात, पाट्या कुठे आहेत आणि त्यांवर कुणाच्या नावाचा हुकूम आहे, पोलीस कुठे उभा आहे, पुजाऱ्याचं ताट कुठे आणि कुलुपाची दानपेटी कुठे. शेवटच्या दोन खुणांमधलं अंतर फार तर आठ-दहा फूट असतं. ताटात पडलेलं नाणं परंपरेने पुजाऱ्याचं, पेटीत पडलेलं न्यासाचं. ताटातल्या नाण्याचा हिशेब शक्यतो कुणी मागत नाही. पेटीतल्याचा हिशेब लेखापरीक्षकाकडून तपासून, न्यासांवर देखरेख ठेवणाऱ्या धर्मादाय आयुक्तांकडे जातो. घटनेने धर्माचरण एका बाजूला ठेवलं आणि त्याला चिकटलेले आर्थिक, लौकिक व्यवहार दुसऱ्या बाजूला ठेवून तिथे सरकारला हात घालायची मुभा दिली. ती रेघ पुस्तकात दिसत नाही. देवळात ती आठ-दहा फुटांची असते, आणि तिच्यावर भाविक उभा असतो.

प्रश्न विचारायचीही एक रीत आहे. 'तुम्ही धर्मनिरपेक्षता मानता का?' असं विश्वस्तांना विचारलं तर भाषण ऐकायला मिळतं. 'पेटी कोण उघडतं, किल्ल्या किती आणि कुणाकुणाकडे, मोजताना कोण बसतं?' असं विचारलं तर माणूस खुलतो. मग तो परिशिष्ट एकचा उतारा काढून दाखवतो. न्यासाची ही कुंडलीच. नाव, पत्ता, विश्वस्त, विश्वस्त नेमायची पद्धत, उद्देश, स्थावर, जंगम. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल कळवायचा, ज्याला सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात. भांडणं इथे तुंबतात. दोन गट दोन वेगवेगळे चेंज रिपोर्ट टाकतात, हरकती येतात, तारखा पडतात, आणि तोवर कागदावर जुनंच मंडळ कारभार करत राहतं. जमीन विकायची तर आधी आयुक्तांची परवानगी. गैरव्यवहार झाला तर विश्वस्ताला काढता येतं. विद्यार्थ्यांना हे रूक्ष वाटतं, पण देवळात चालणारा धर्मनिरपेक्ष राज्याचा प्रत्यक्ष कारभार तो हाच. मुंबईत वरळीला धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे. तिथल्या बाकावर सकाळभर बसलं तर जैन देरासरचे विश्वस्त, चर्चचे लोक, तालीम मंडळाचे अध्यक्ष आणि शाळा चालवणाऱ्या बाई एकाच रांगेत, हातात सारख्याच निळ्या-गुलाबी फायली घेऊन उभे दिसतात. आणि 'धर्मादाय' या शब्दातच धर्म आहे. राज्याच्या एका खात्याचं नाव आपण असं ठेवलं आणि ७५ वर्षांत ते कुणाला खटकलं नाही.

शब्दांचं हे प्रकरण मला फार महत्त्वाचं वाटतं. उद्देशिकेच्या अधिकृत मराठी पाठात 'धर्मनिरपेक्ष' आहे, हिंदी पाठात 'पंथनिरपेक्ष'. जुन्या मराठी वर्तमानपत्रांतून 'निधर्मी राज्य' असं सर्रास लिहिलं जाई, आणि त्या एका शब्दाने केवढा तरी गैरसमज पसरवला. काही विचारवंतांनी 'इहवाद' (राज्याने इहलोकापुरतंच पाहावं) हा शब्द धरला, तो नेमका होता पण ग्रंथालयाबाहेर पडला नाही. सभांमधून चालला तो 'सर्वधर्मसमभाव'. मराठीतले हे चारही शब्द एकच गोष्ट सांगत नाहीत. निधर्मी राज्याला देवळाशी देणंघेणं नसतं. समभाव राखणारं राज्य सगळ्या देवळांत पाया पडतं. निरपेक्ष राज्याला धर्माकडून काही नको असतं, एवढंच. दौऱ्यावर मुलांना एक काम द्यावं: प्रत्येक ठिकाणी, इथे राज्य या चारांतल्या कुठल्या शब्दासारखं वागतंय ते लिहायचं. चौथ्या दिवशी वह्या उघडल्या की एकाच राज्याच्या नावापुढे चारही शब्द आलेले असतात, कधी एकाच देवळाच्या पानावर.

१९५० चा कायदा आला तेव्हा त्याला आव्हान दिलं ते एका जैन देवळाच्या व्यवस्थापकांनी आणि मुंबईच्या पारशी पंचायतीच्या विश्वस्तांनी. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १८ मार्च १९५४ चा, रतिलाल गांधी विरुद्ध मुंबई राज्य. त्याच्या दोनच दिवस आधी त्या 'अत्यावश्यक भाग' कसोटीचा शिरूर मठाचा निकाल आला होता, जो प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. हे शिरूर कर्नाटकातलं, उडुपीच्या आठ मठांतलं. मराठी विद्यार्थी हमखास पुणे जिल्ह्यातलं समजतात. मद्रासच्या कायद्यातली मठांकडून घ्यायची वर्गणी न्यायालयाने कर ठरवून रद्द केली, आणि मुंबईची वर्गणी सेवेचं शुल्क म्हणून टिकवली. पण मुंबई कायद्यातली काही कलमं पडली, त्यांतलं एक: धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक संस्थेचा विश्वस्त नेमता येईल असं ते होतं. सरकारी अधिकारी हिशेब तपासू शकतो, गादीवर बसू शकत नाही. शिरूर मठ सगळ्यांना ठाऊक आणि रतिलाल कुणाला नाही याचं वाईट वाटतं, कारण ज्या पावत्या आपल्या खिशात येतात त्यांचा बाप रतिलाल आहे.

मुंबईत दोन दिवस ठेवावेत, कमी नकोत. उच्च न्यायालयाच्या १८७८ च्या दगडी इमारतीत शिरायला आधीपासून पत्रव्यवहार लागतो, पास लागतो, फोन बंद ठेवावा लागतो. पारशी विवाह न्यायालय बघायचंच असा हट्ट बरेच आयोजक धरतात आणि दारातून परत येतात, कारण ही सुनावणी बंद दाराआड चालते. ते योग्यच आहे, कुणाचा मोडलेला संसार हा अभ्यासाचा देखावा नव्हे. पण न्यायालयाची रचना बाहेर बसूनही समजावता येते. १९३६ च्या कायद्याने न्यायाधीशाशेजारी पारशी समाजातले प्रतिनिधी बसतात, पूर्वी ७ असत, १९८८ पासून ५. वस्तुस्थिती काय हे ते ठरवतात, कायदा न्यायाधीश सांगतो. देशात ज्यूरी मोडीत निघाली, तिचा हा एक अंश एका लहानशा समाजाच्या घटस्फोटांपुरता उरला. याच इमारतीत १९५१ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी नरसू अप्पा माळी खटल्याचा निकाल दिला: हिंदूंच्या द्विभार्येला बंदी करणारा मुंबईचा कायदा वैध, आणि व्यक्तिगत कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीला लावता येत नाहीत. पहिला भाग लोक विसरले. दुसरा अजून देशावर ओझ्यासारखा आहे. २०१८ च्या शबरीमला निकालात न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी त्यावर स्पष्ट शब्दांत टीका केली, पण तो उलटवला गेलेला नाही.

हाजी अलीला जाताना भरती-ओहोटीचं वेळापत्रक हातात हवं. समुद्रातली ती वाट भरतीला पाण्याखाली जाते, आणि २२ मुलं अलीकडच्या काठावर अडकून दिवस वाया गेल्याची उदाहरणं आहेत. वाटेवर भिजलेल्या दगडांचा, अगरबत्तीचा आणि तळलेल्या माशांचा एकत्र वास येतो. मजारीजवळ जायला बायकांना आधी मनाई नव्हती. ती २०११-१२ च्या सुमारास घातली गेली आणि मग मुलीबायकांनी मजार लांबून पाहायची असं झालं. २६ ऑगस्ट २०१६ रोजी उच्च न्यायालयाने बंदी उठवली. विश्वस्त सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथे ऑक्टोबरमध्ये त्यांनी स्वतःच प्रवेश देण्याचं मान्य केलं, आणि नोव्हेंबरअखेर बाया आत गेल्या. निकाल वाचताना एक जागा मुलांना दाखवावीच: न्यायालयाने बंदी इस्लामचा अत्यावश्यक भाग आहे का हे तर पाहिलंच, शिवाय हा सार्वजनिक न्यास आहे, त्याला मनमानी करता येणार नाही, यावर बोट ठेवलं. पुन्हा तीच नोंदवही. १९९५ च्या वक्फ कायद्यानंतर मुस्लिम न्यास वक्फ मंडळाकडे वर्ग करायची प्रक्रिया सुरू झाली आणि त्यावर वर्षानुवर्षं वाद चालले. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, मुसलमानाने केलेला प्रत्येक सार्वजनिक न्यास म्हणजे वक्फ नव्हे.

मलंगगड या दौऱ्यात घ्यावा की नाही यावर मतभेद होतात, कारण वातावरण तापलेलं असतं. मी म्हणेन, घ्यावाच. कल्याणजवळच्या त्या डोंगरावर एक जण 'हाजी मलंग' म्हणून चढतो, दुसरा 'श्रीमलंग' म्हणून, आणि पायऱ्या दोघांनाही तेवढ्याच लागतात. दर्ग्याची वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या केतकर या ब्राह्मण घराण्याकडे. कायद्याच्या विद्यार्थ्याने हे नाव ऐकलेलं असतं, पण पुराव्याच्या तासाला: ज्याच्या हाती महत्त्वाचा कागद आहे आणि तो न्यायालयापुढे आणत नाही, त्याच्याविरुद्ध तर्क काढता येतो, मग सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर असो वा नसो. १९६८ चा केतकर खटला. देशभरच्या वकिलांच्या तोंडी हे नाव रोज असतं. तो खटला एका दर्ग्याच्या जमिनीचा होता आणि पक्षकार दर्ग्याचा हिंदू वहिवाटदार होता, हे त्या डोंगराखाली उभं राहून सांगितलं की मुलं एकदम गप्प होतात. आणि मग तीच मुलगी, पावतीवाली, विचारते, "मग या जागेला कुठलं अक्षर द्यायचं?" देव आधी होता, वहिवाट आधी होती, नोंदवही नंतर आली. तिच्या रकान्यांत जे मावत नाही त्याचं पुढे भांडण होतं. गाडीत त्या दिवशी कुणी गाणी म्हटली नाहीत.

शनिशिंगणापूर. मोकळ्या आभाळाखाली चौथरा, त्यावर काळी शिळा, तेलाचा उग्र वास हवेत लोंबकळणारा. चपलांना, फरशीला, हाताला, वहीच्या पानांनाही तेल. १ एप्रिल २०१६ रोजी विद्या बाळ आणि निलिमा वर्तक यांच्या याचिकेवर उच्च न्यायालयात सरकारने मान्य केलं की १९५६ च्या मंदिरप्रवेश कायद्याखाली स्त्रियांना अडवता येत नाही, अडवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हा कायदा मुळात दलितांच्या प्रवेशासाठी झालेला, हिंदूंमधल्या 'कुठल्याही वर्गाला' अडवू नका असं सांगणारा. ६० वर्षांनी त्यातल्या 'वर्ग' शब्दात बायका आल्या. कायद्याच्या शब्दाला असं वय येताना बघणं ही या विषयातली फार सुंदर गोष्ट आहे. पण पुढचा आठवडा त्याहून शिकवणारा. विश्वस्तांनी तोडगा काढला: आता कुणीच चौथऱ्यावर चढायचं नाही, पुरुषांनीही नाही. कागदावर समानता झाली. ८ एप्रिलला, गुढीपाडव्याला, पुरुषांचा जमाव बंदी मोडून चढला, आणि मग त्याच दिवशी चौथरा सगळ्यांना खुला झाला. सगळ्यांना सारखी बंदी ही समानता आहे का, यावर वर्गात तासभर वाद घालण्यापेक्षा त्या चौथऱ्यासमोर पाच मिनिटं उभं राहावं. बायका वर जातात का? काही जातात. कितीतरी जणी खालूनच हात जोडतात, कायद्याने मनाई नसूनही. त्यांना 'का' म्हणून विचारायला आपण कोण, हा संकोच विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर दिसतो, आणि तो असावा.

पंढरपूरला मात्र घाईने जाऊन चालत नाही.

नामदेव पायरीपाशी पहिल्यांदा थांबावं. लोक तिच्यावर पाय न ठेवता ओलांडतात. समोरच, दाराबाहेर, चोखोबांची समाधी. सहाशे-सातशे वर्षं ती जागा सांगते आहे की भक्ती कुठपर्यंत येऊ शकत होती आणि माणूस कुठे थांबवला जात होता. १ मे १९४७ रोजी साने गुरुजी इथे तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. १० मेला उपोषण सुटलं आणि विठ्ठलाचं दार अस्पृश्यांना खुलं व्हायची वाट मोकळी झाली. त्याच वर्षी मुंबई प्रांताचा मंदिरप्रवेश कायदा आला. उपोषण सुटलं तेव्हा स्वातंत्र्याला अजून तीन महिने होते, घटनेला अडीच वर्षांहून जास्त. मुलांना इतिहास असा क्रमाने लावायला सांगितला की त्यांच्या लक्षात येतं, अस्पृश्यता संपवणाऱ्या सतराव्या अनुच्छेदाची पायरी इथे आधीच चढली गेली होती.

मग बडवे आणि उत्पात. विठ्ठलाचे बडवे, रुक्मिणीचे उत्पात, शिवाय सेवाधारी: पूजा, स्नान, पोशाख, आरती, दिवटी, प्रत्येक कामाचा वंशपरंपरेने ठरलेला हक्क, आणि उत्पन्नातला वाटा. तक्रारींवर सरकारने चौकशी आयोग नेमला, १९७३ चा पंढरपूर मंदिरे अधिनियम आला, सगळे वंशपरंपरागत हक्क गेले आणि कारभार समितीकडे आला. खटला चालत राहिला ४० वर्षं. १५ जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बडव्यांचं अपील फेटाळलं. त्याच वर्षी समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी जाहिरात दिली, आणि ब्राह्मणेतर उमेदवारांनी व स्त्रियांनी मुलाखती दिल्या. विठ्ठलाच्या पूजेसाठी मुलाखत! भजनं म्हणून दाखवायची, मंत्र म्हणायचे, समोर समितीचे सदस्य. मला हा प्रसंग आपल्या सगळ्या धर्मनिरपेक्षतेच्या मध्यभागी ठेवावासा वाटतो. पूजा कशी करायची हा धर्म, पूजा कोण करणार हे लौकिक, असं न्यायालयं सांगत आली. पण देवापुढे उभी राहून जी बाई अभंग म्हणते तिला विचारलं तर ती अशी दोन बाजूंना बोट दाखवू शकेल असं वाटत नाही. आणि तरीही ही रेघ ओढली नसती तर ती तिथवर आलीच नसती. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकाच वेळी मनात धरून ठेवताना त्रास होतो.

आषाढी एकादशीला दौरा नेऊ नये. कचेरीत कुणाला मान वर करायला फुरसत नसते आणि पदस्पर्शाची रांग तासन्‌तास हलत नाही. पण त्या पहाटेची शासकीय महापूजा विषय म्हणून टाळता येत नाही. मुख्यमंत्री सपत्नीक पूजेला बसतात, रांगेतून निवडलेलं एक वारकरी जोडपं त्यांच्या शेजारी असतं. कार्तिकीला हा मान बहुधा उपमुख्यमंत्र्यांचा. धर्मनिरपेक्ष राज्याचा मुख्यमंत्री पदाने पूजा करतो, आणि हे चुकलं असं वाटून महाराष्ट्रात कुणी झोप मोडत नाही. मला स्वतःला यात धोका दिसतो आणि ओढही वाटते. धोका हा, की राज्याने एका देवापुढे बसायची सवय लावली की दुसऱ्या देवाच्या माणसाला दारात उभं राहिल्यासारखं वाटतं. ओढ ही, की वर्षातून एकदा राज्याचा प्रमुख अशा एका माणसाशेजारी बसतो जो रांगेत उभा होता, ज्याला कालपर्यंत कुणी ओळखत नव्हतं, आणि दोघांनाही पुजारी 'माऊली' म्हणतो. विद्यार्थ्यांतही दोन तट पडतात. पडू द्यावेत.

शेवटचे तीन दिवस गोव्याचे. सगळी मुलं एक वाक्य घेऊन सीमा ओलांडतात: गोव्यात समान नागरी कायदा आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता, १८७० पासून तिथे लागू. लग्न झालं की करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, अर्धी-अर्धी. तिच्या सहीशिवाय त्याला घर विकता येत नाही. मुलांना, मुलींनाही, वारशातून पूर्ण बाद करता येत नाही, निम्मा वाटा त्यांच्यासाठी राखीव. वारशाचे नियम आता २०१२ च्या गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आहेत, तत्त्व तेच. इथवर सगळं मोहक. मग १८८० चा हुकूमनामा समोर ठेवायचा, हिंदूंच्या रूढींचा: बायकोला २५ वर्षांपर्यंत मूल नाही, किंवा ३० पर्यंत मुलगा नाही, तर हिंदू पुरुषाला दुसरं लग्न करण्याची सवलत. कागदावर ती आजही आहे. आणि कॅथलिकांचं चर्चमध्ये लागलेलं लग्नही चालतं, नोंद मागाहून कार्यालयात येते. समान म्हणवणाऱ्या कायद्याच्या आतही धर्मांचे कप्पे आहेतच.

तिथल्या नोंदणी कार्यालयाच्या बाकावर एक तास बसण्यासारखं शिक्षण नाही. लग्नाची नोंद दोन टप्प्यांत होते. आधी दोघांनी येऊन लग्नाचा इरादा जाहीर करायचा, सही करायची. मग मुदत जाऊ द्यायची, हरकत आली नाही तर पुन्हा येऊन साक्षीदारांसमोर दुसरी सही. लग्न लागतं ते या दुसऱ्या सहीने. इथेच घात होतो. पहिली सही झाली, मग देवळात अक्षता पडल्या, जेवणावळी झाल्या, मुलगी सासरी गेली, आणि दुसऱ्या सहीला कुणी फिरकलंच नाही. वर्षा-दोन वर्षांनी नवरा म्हणतो, लग्न झालंच नव्हतं, आणि कायदा त्याच्या बाजूने उभा राहतो. अक्षता, मंगळसूत्र, सप्तपदी यांतलं काहीही त्या रजिस्टरच्या रिकाम्या ओळीला भरू शकत नाही. कायद्याने धर्माला पूर्ण बाजूला केलं की काय होतं त्याचा हा एक नमुना, आणि ज्या मुलींना तो भोगावा लागतो त्यांना तो आधी कुणीतरी समजावून सांगायला हवा होता.

फोंड्याकडची देवळं बघायची ती संध्याकाळी, दीपमाळ पेटायच्या वेळेला. यांतले कितीतरी देव सोळाव्या शतकात सासष्टी-तिसवाडीतून पळवून इथे आणलेले. मंगेश कुशस्थळीहून आला. ज्या पोर्तुगीज राजवटीने देवळं पाडली तिनेच १९३३ मध्ये उरलेल्यांसाठी नियमावली केली, मझानिया म्हणून ओळखली जाणारी. ती आजही चालते. देऊळ त्या त्या घराण्यांतल्या महाजनांचं, त्यांची नोंदवही वेगळी, समितीची निवडणूक महाजनांतच, आणि वर देखरेख मामलेदाराची. महाराष्ट्राचा विश्वस्त कायदा इथे नाही. त्या मुलीने इथेही देणगी दिली, पावती घेतली, दिव्याच्या उजेडात वरची ओळ वाचली, उलटून मागची बाजू पाहिली. कुठलंच अक्षर नव्हतं.

दौऱ्याचा शेवटचा लेखी भाग म्हणून एक काम असतं: वाटेत हाती आलेला एकच कागद निवडायचा आणि त्यावरची प्रत्येक ओळ छापायचा अधिकार कुणाला कुठून मिळाला ते पाच पानांत लिहायचं. कुणी हाजी अलीच्या फलकाचा फोटो निवडला, कुणी गोव्यातल्या इराद्याचा नमुना अर्ज. तिने खंडोबाची ५१ रुपयांची पावती निवडली आणि परतल्यावर एका रविवारी पुन्हा त्या देवळात गेली. काकांनी ओळखलं. टेबलामागच्या भिंतीवर, हार घातलेल्या तसबिरीच्या बाजूला, परिशिष्ट एकचा उतारा चौकटीत लावलेला होता. कागद पिवळा, शिक्का फिका. विश्वस्त पाच. नेमणुकीची पद्धत, वंशपरंपरागत. उद्देश, देवाची नित्य पूजा आणि जत्रा. तिने नावं वहीत उतरवून घेतली आणि यांतलं कोणी भेटेल का म्हणून विचारलं. काकांनी काचेवर बोट टेकवून एकेक नाव वाचलं. पाचांतले तिघे वारले होते.

"चेंज रिपोर्ट टाकलाय ताई," ते म्हणाले, "तारीख पडलीय." आणि त्यांनी पावतीपुस्तकात पुढचा कार्बन सरकवला.